नाना, रग्बी आणि कॅम्प चारचे होतूकाका

माझ्या वडिलांनी आम्हा मुलांना कधी मिठी मारली नाही.
रस्ता ओलांडतानाही हात धरायचे नाहीत.

आज नानांना जाऊन वर्ष झालं. आता लिहितेच.

नाना चामटोलीचे, शेतकऱ्याघरचे. हुतुतूत त्यांच्या पकडीला पंचक्रोशीत तोड नव्हती. एकोणीसशे पन्नासच्या आसपास अंबरनाथला फॅक्टरीत लागले.

तिथे भेटले होतूकाका. फाळणीत कराचीहून आलेले, उल्हासनगर कॅम्प चारच्या बराकीत राहणारे. रग्बी ते कराचीतच शिकलेले. तो लांबट बॉल नानांच्या हातात पहिल्यांदा त्यांनीच दिला.

शंभरदा बजावायचे, "यार, आदमी गिरा की छोड़ने का. ये तेरा हुतुतू नहीं है!"

हुतुतूत धरला की दम तुटेपर्यंत सोडत नाहीत ना.

नाना शिकले. इतके, की थेट इंडियाच्या टीममध्ये! सिलोनशी दोन मॅच. होतूकाकांचं सिलेक्शन झालं नाही, तरी स्टेशनवर हार घेऊन तेच उभे.

परत आल्यावर अंबरनाथच्या मैदानात साधी प्रॅक्टिस होती. होतूकाका बॉल घेऊन पळाले. नानांनी पाय धरले. ते पडले.

आणि नानांनी सोडलंच नाही.

जित्याची खोड. काकांना बाजूला लोळता आलं नाही, वरून सहा-सात जण कोसळले.
मानेखालचं शरीर पुन्हा हललं नाही.

त्या गर्दीत कोणी धरलं होतं, कोणालाच दिसलं नव्हतं. नाना बोलले नाहीत. भित्रेपणाच तो, माझा बाप असला म्हणून काय झालं.

रग्बी सुटली. पण दर रविवारी कॅम्प चारला जायचे. काकांची दाढी, आंघोळ, सगळं करायचे. चार वर्षं, काका जाईपर्यंत.

हे मला नानांनी त्यांच्या शेवटच्या आजारपणात सांगितलं. "दर रविवारी त्याच्या आईच्या हातचं जेवलो गं. तिला कळलं असतं तर?"

गेल्या महिन्यात काकांच्या धाकट्या बहिणीला शोधून काढलं. सीताआंटी, अजून कॅम्प चारमध्येच. नानांच्या वतीने माफी मागायला हात जोडले.

त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"बेटा, हमको पता था. होतूने अम्मांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बोला, उसको मत बोलना अम्मा, शरम से आना बंद कर देगा."

नाना, अम्मांना माहीत होतं हो.
माहीत असूनच त्या तुम्हाला वाढायच्या.

हे तुमच्या कानावर घालायला मला उशीर झाला.
नमस्कार करते.