आगाशेंची मोजदाद

प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळ्यावर रिकामी खोकी साठतात तसे ते साठत जातात. टाकून देऊ म्हटलं तरी टाकवत नाहीत!

कसबा पेठेतलं आमचं दुकान वडिलांच्या वेळी काचेच्या बरण्यांचं होतं. परदेशी माल आणायची मोकळीक झाली तसा मी परीक्षानळ्यांवरून थेट विलायती अँटिबॉडीपर्यंत पोचलो. शिक्षण म्हणाल तर अकरावी नापास. बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. त्यातलंच एक गिऱ्हाईक म्हणजे एका सरकारी संशोधन संस्थेतली कॅन्सरची लॅब. लॅबच्या प्रमुख मॅडम, त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी सुजाता मेश्राम, आणि संस्थेच्या स्टोअरचे आगाशे. या तिघांचा किस्सा ऐकून लोक हसतात. माझं डोकं मात्र अजून तापतं.

* * *

एकदा मी सुजाताला विचारलं, "बाळ, तू दिवसभर नक्की करतेस काय?"

नागपूरची पोर, फटकन बोलणारी. माझ्याच वहीत तिने चित्र काढलं. पेशीत सेंट्रिओल नावाचे दोन बारीक ठिपके असतात. पेशी विभागायच्या आधी दोनाचे चार होतात, म्हणजे नव्या दोन्ही पेशींना दोन-दोन. ही दुप्पट करायचा हुकूम एक प्रथिन देतं, त्याला म्हणायचं काइनेज. ते वाजवीपेक्षा जास्त झालं की चाराच्या जागी सहा, सात, आठ. मग पेशी चार दिशांना ओढली जाते आणि वाटणी बिघडते. कॅन्सरच्या पेशींत असे जादा ठिपके पुष्कळदा सापडतात. तिला सिद्ध करायचं होतं ते एवढंच, की काइनेज वाढवलं की ठिपके वाढतात.

"मग चांगल्या पेशीत ते आवरतं कसं?"

"ते स्वतःवरच खूण करून ठेवतं काका, आणि पेशी त्याला मोडीत काढते. काम झालं की खुर्ची खाली!"

"म्हणजे सरकारी नाही," मी म्हणालो.

* * *

हे ठिपके दिसायला एक खास अँटिबॉडी लागायची. ती चिकटली की मायक्रोस्कोपखाली ठिपके हिरवे चमकतात. ती बनवणारी कंपनी जगात एक! खरेदी समितीचं पत्र आलं, "तीन कोटेशन जोडा."

मी आगाशेंना फोन केला. "अहो साहेब, बनवणारा एकच आहे."

"मग उरलेल्या दोघांकडून 'आम्ही बनवत नाही' असं लेखी आणा."

"कोणत्या दोघांकडून?"

"जे बनवत नाहीत त्यांच्याकडून!"

आता बोला! शेवटी शेजारच्या तांबटाकडून आणि समोरच्या बुरुडाकडून सही-शिक्क्यानिशी लिहून आणलं, की सदर अँटिबॉडी आमच्याकडे बनत नाही.

प्रस्ताव त्याच दिवशी मंजूर!

* * *

पहिली कुपी विमानतळावर अडकली. माझा पुतण्या खराडीत बसून अमेरिकेतल्या बँकेचा कॉम्प्युटर मिनिटात दुरुस्त करतो, आणि आमचं वीतभर खोकं गोदामातून बाहेर यायला अकरा दिवस! मी तिथे पोचलो तेव्हा आतला कोरडा बर्फ कधीच संपला होता. अधिकारी कागद पुढे करून म्हणाला,

"यात पाच किलो बर्फ लिहिलाय. कुठे आहे?"

"साहेब, तो उडून जातो."

"उडून जातो म्हणजे? नेला कोणी?"

थंडावा संपल्याने अँटिबॉडी वाया गेली होती. सुजाताने ती तरीही वापरून पाहिली, फोटोत नुसतं धुकं. पण चौकशी झाली ती बर्फाची!

* * *

दुसरी कुपी मी स्वतः आणली आणि थंडगार असतानाच स्टोअरमध्ये दिली. चौथ्या दिवशी ती साध्या कुरियरने माझ्याच दुकानात परत! सोबत आगाशेंचं पत्र, "बाटली जवळजवळ रिकामी मिळाली. मापात टाकून खात्री केली."

अहो, त्यात असतातच मुळी दोन थेंब! आणि ते दोन थेंब या गृहस्थांनी मोजपात्रात ओतून बघितले होते. सुजाता माझ्या दुकानात स्टुलावर बसली आणि तिसऱ्या कुपीची मागणी लिहू लागली.

* * *

मार्चमध्ये तिची फेलोशिप संपत होती. आढावा समितीतल्या एका बड्या गृहस्थांनी ते धुक्याचे फोटो बाजूला सारले. "तुम्हाला जे हवंय ते तुम्हाला दिसतंय. ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाने मोजलं तर बोला." मुदत दिली दोन आठवडे.

तिसरी कुपी मी स्टोअरला दाखवलीच नाही. थेट तिच्या हातात दिली.

आगाशेंना पत्ता लागलाच. मला बोलावून घेतलं आणि रजिस्टर काखोटीला मारून आम्ही दोघे लॅबमध्ये. "तपासणीशिवाय माल वापरलाच कसा? आहे कुठे तो?"

सुजाताने शांतपणे मायक्रोस्कोपपुढची खुर्ची ओढली. "इथे आहे सर. हिरवे ठिपके दिसतील. प्रत्येक पेशीत मोजून घ्या. दोन काचा आहेत, अ आणि ब."

"एका पेशीत किती असायला हवेत?"

"जास्तीत जास्त चार."

कुठल्या काचेवर काइनेज वाढवलंय ते तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. चष्मा कपाळावर सारून ते बसले. नोकरीची तीस वर्षं माल मोजण्यात गेलेला माणूस, चहासुद्धा परत पाठवला. दोन्ही काचांवरच्या पन्नास-पन्नास पेशी मोजल्या, संशय आला तिथे दोनदा. मग रजिस्टर उघडून शेरा लिहिला, सही केली, शिक्का मारला.

'काइनेज वाढवलंय ते ब वर' अशी टीप जोडून मॅडमनी त्याच पानाची प्रत समितीपुढे ठेवली. आगाशेंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं :

"काच अ : कोठेही चारपेक्षा जास्त नाही. माल बरोबर. काच ब : बहुतेक ठिकाणी सहा ते आठ. मागणीपेक्षा जादा माल का पाठवला, याचा पुरवठादाराकडून खुलासा मागवावा."