बरणीतलं कोकम सरबत

कोकम सरबत पुढे आलं की अजूनही मी आधी पेल्याचा तळ बघते. ऐंशीच्या दशकात मी डोंबिवलीच्या एका रसायन कारखान्यात केमिस्ट होते. तिथे बॉयलरच्या भिंतीलगत, कॉस्टिक सोड्याच्या, कातडी भाजणाऱ्या कडक द्रावणाने भरलेली एक मोठी काचेची बरणी वर्षभर उबेत पडून होती. मे महिन्यात मॅनेजरांनी ती रिकामी करून नुसती विसळून घेतली आणि पॅकिंगच्या बायकांसाठी तिच्यात कोकम सरबत करायला सांगितलं. मी आत डोकावले तर काच आंधळी झालेली, तळाशी शेंबडासारखा बुळबुळीत थर आणि कडेला पांढऱ्या खरखरीत खपल्या. "सर, सोड्याने काच खाल्लीय. विरघळलेल्या काचेचेच हे नवे खडे तयार झालेत," मी म्हटलं. त्यांनी नखाने एक खपली उकरली, बोट पँटला पुसलं आणि हसले, "अहो, खडीसाखर समजा. त्यांना काय कळतंय!" मला त्या बरणीपेक्षा त्या हसण्याचीच किळस आली. शिपायाने सरबत केलं, घामाने निथळणाऱ्या बायका पेले घेऊन आल्या, तेव्हा मी बरणी कलंडून सगळं गटारात ओतलं. खाडीकाठच्या गावची एक म्हातारी चिडून जाब विचारू लागली, "काय गो बाय, आमचे तोंडचा सरबत कनाला वतलास?" मी तिला बरणीचा तळ दाखवला आणि मॅनेजर काय म्हणाले तेही सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला, सरळ त्यांच्या केबिनपर्यंत गेली आणि उंबऱ्यावर पचकन थुंकली. पुढच्याच महिन्यात मी ती नोकरी सोडली. आज साठी उलटल्यावर वाटतं, निघताना मीही तिथे एकदा थुंकायला हवं होतं.