अठरानंतर कुठे राहणार

सरकारी बाई दर तीन महिन्यांनी छत्रीबागेतल्या आमच्या घरी यायची आणि मी दर वेळी आतल्या आत धुमसायचे. ती मुलीची खाट बघायची, कपाट उघडायची, दूध देता का म्हणून विचारायची. पस्तीस वर्षं शाळेत पोरांना वळण लावणाऱ्या माझ्यासारखीला हे प्रश्न! मुलगी तेराव्या वर्षी बालगृहातून आमच्याकडे आली होती, फॉस्टर केअरमध्ये. म्हणजे कागदोपत्री जबाबदारी सरकारची, अठरा पूर्ण होईपर्यंत सांभाळायला आमच्याकडे. आम्हा नवराबायकोला मूल नव्हतं. गल्लीतल्या बायका तिला ‘सरकारी पोरगी’ म्हणायच्या, ते माझ्या डोक्यात जायचं.

पोरगी गुणाची होती, जरा जास्तच गुणाची. पाच वर्षांत तिनं कधी हट्ट केला नाही. फळीवरचा लाडू घ्यायचा तरी आधी “घेऊ का?” विचारायची. मी त्याला शहाणपण समजत होते आणि नातेवाइकांत मिरवत होते. तिनं एकच गोष्ट कधीतरी बोलून दाखवली होती. ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरांचं काम ती तासन्‌तास बघत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, मला नर्स व्हायचंय.

तिला अठरा पूर्ण व्हायला महिना उरला होता, तेव्हा बाई शेवटची आली. फॉर्म उघडून म्हणाली, “आंटीजी, एटीन के बाद कहाँ रहेगी?”

त्या प्रश्नाचाच मला संताप आला. “कुठे म्हणजे? आमच्याकडे. जिंदगीभर. आमचीच आहे ती.”

“सोच लीजिए. फैमिली रख रही है तो आफ्टर केयर का केस नहीं बनेगा.”

“नको आम्हाला तुमचं केस-बीस.”

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. बाईनं तिलाही विचारलं, “तुम बोलो बेटा.” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “काकू बोलल्या तसंच.” तेव्हा मला कोण अभिमान वाटला!

आफ्टर केअर म्हणजे काय, हे मी तिचा बारावीचा निकाल लागल्यावर त्या बाईच्या ऑफिसात विचारायला गेले. एकवीस वर्षांपर्यंत सरकारचा आधार. होस्टेल आणि नर्सिंगच्या ट्रेनिंगला जागा. खासगी कॉलेज आमच्या पेन्शनच्या आवाक्यातलं नव्हतं. तिला हे सगळं ठाऊक होतं, कारण बालगृहातली तिची मैत्रीण अशाच होस्टेलात राहून नर्सिंग शिकत होती. पण ती माझ्यापाशी एका शब्दानं बोलली नव्हती. मला माझीच लाज वाटली.

ऑफिसात आता नवे साहेब होते. फाइल बंद झाली म्हणाले. मी हटले नाही, तेव्हा म्हणाले, “मैडम, एक ही रास्ता है. इस हफ्ते में लिखकर दीजिए कि परिवार इसे आगे नहीं रख सकता.”

दुपारी घरी टेबलाशी बसून मी हिंदीत अर्ज लिहिला, की आम्ही या मुलीला यापुढे घरात ठेवू शकत नाही. खोटंच होतं ते, पण तिचं भलं होणार होतं. जागा पक्की झाली की मगच तिला सांगू, उगाच आशा कशाला लावायची, असा माझा विचार होता. अर्ज टेबलावर ठेवून मी चहा टाकायला गेले.

बाहेर आले तर ती पिशवी भरून उभी होती. पाच वर्षांचे कपडे एका पिशवीत. चहाला उकळीसुद्धा आली नव्हती. ती रडत नव्हती. नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “काकू, आज निघू की उद्या सकाळी?”

“अगं वेडे, खोटं आहे ते! तुझ्या नर्सिंगसाठी लिहिलंय!” मी ओरडलेच.

“हो काकू,” ती म्हणाली. पिशवी खाली ठेवली नाही.

मी समोर बसून सगळं समजावलं, दोनदा समजावलं. ती मान हलवत राहिली. माझ्या ‘जिंदगीभर’वर तिचा कधी विश्वास बसलाच नव्हता, आणि ह्या एका ओळीवर तो बघता क्षणी बसला होता. मला रडू आवरेना. शेवटी मी तो अर्ज तिच्यासमोर फाडला, टराटरा फाडला. मग तिनं पिशवी ठेवली, कपटे गोळा केले आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

तो आठवडा निघून गेला, जागाही गेली. आता ती रोज सांवेर रोडला जाते, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. संध्याकाळी हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दाराशी येते आणि विचारते, “जेवू का?” गल्लीत आता तिला कोणी सरकारी पोरगी म्हणत नाही.

पोरीसाठी मी सरकारी अर्ज फाडून टाकला, हे मी चारचौघांत अजून सांगते. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. फक्त एक गोष्ट मी सांगत नाही. फाडण्याआधी, तुला राहायचंय की शिकायचंय, हे मी तिला तेव्हाही विचारलं नव्हतं.