ह्यांच्या हाताची हळद

परवा दहिवडीला पुतण्याची हळद होती. त्याला हळद लावून हे हात धुवायला गेले, तर मी उगाच मागेमागे गेले... बोटांचा पिवळा रंग नीट निघतो का बघायला. जुनी सवय, दुसरं काय!

नव्वदच्या दशकात आम्ही कुपवाडला राहायचो. हे एका छोट्या कारखान्यात हळकुंडांना पॉलिश करायचे. माल पिवळाधमक दिसावा म्हणून वरून एक पिवळी पूड मारायचे... लोखंडी गेटच्या रंगातही तीच असते म्हणे.

घरी यायचे ते कोपरापर्यंत पिवळे होऊन. शेजारणी चिडवायच्या, "तुझा नवरा तर रोजच नवरदेव!" आणि मी लाजायची... येडी कुठली.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी पोटी काही नाही. तपासण्या माझ्या, उपास माझे, अंगारेधुपारेही माझेच. साताऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा ह्यांना तपासलं, आणि मग विचारलं, काम काय करता?

त्या पुडीत बहुतेक शिसं असणार, त्यानं पुरुषाचं बीज कमी होऊ शकतं, असं त्या म्हणाल्या. ह्यांचं त्यानंच कमी झालं का, ते मात्र त्यांनाही नक्की सांगता येईना. काम लगेच सोडायला लावलं.

परतताना एसटीत हे एवढंच बोलले, "गावात कुणाला सांगू नगंस." मी कुणाला सांगितलं नाही. काम सुटलं, वर्ष गेलं... फरक काही पडला नाही.

मग ह्याच पुतण्याचं बारसं आलं. पाळण्याची दोरी धरायला मी पुढे झाले, तर सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू लांबच ऱ्हा गं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तेवढ्यात हे बाहेरून बायकांच्या घोळक्यात घुसले. "आये, तिचा काय दोष न्हाई. कमी माझ्यात हाय, डॉक्टरनं सांगितलंय." सासूबाईंनी मान खाली घालून दोरी माझ्या हातात दिली.

आमच्या घरी पाळणा हलला नाही तो नाहीच. परवा हात पुसता पुसता हे म्हणाले, "आपलं पोरबी आता एवढंच झालं असतं, न्हवं?" मी त्यांच्या हातातला पंचा घेऊन बोटं पुन्हा एकदा पुसली.

मूल हवं होतं हो... अजूनही हवं वाटतं. पण कुणाचंही नव्हे, ह्याच माणसाचं.