मशीन खराब नव्हतं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बंगळुरूत एका मुलींच्या कॉलेजात गणित शिकवत होते आणि चामराजपेटेत एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. घरमालकीण मराठीच, पण माझ्यासारखी नागपूरची नव्हे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड यायचं, 'बरं'च्या जागी 'सरी'. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणायला लागले. फोन त्यांच्या हॉलमध्ये होता. त्याची एक वायर जिन्याच्या कठड्यावरून ओढून मी वर आणली आणि मोडेमला, म्हणजे फोनवरून इंटरनेट लावणाऱ्या डबीला, जोडली.

माझे पीएचडीचे मार्गदर्शक त्या वर्षी परदेशी गेले होते. जाताना म्हणाले, "प्रकरणं ईमेलनं पाठवत जा." प्रबंध मी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर लिहीत होते. गणिताची चिन्हं जशी हवीत तशी छापणारं सॉफ्टवेअर त्यावर मिळायचं, हे एक. दुसरं म्हणजे एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून ते मी स्वतः, तीन शनिवार घालवून कॉम्प्युटरवर चढवलं होतं. कुणाची मदत न घेता. त्याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

अडचण अशी की इंटरनेट लागता लागत नव्हतं. मोडेम फोन लावायचा, पलीकडचा मोडेम उचलायचा, दोघांची ती कर्कश शिट्टी व्हायची आणि पाऊण मिनिटात लाइन तुटायची. दर वेळी तेवढ्याच वेळात. इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे मी चार वेळा तक्रार केली, तेव्हा एका शनिवारी दुपारी त्यांचा इंजिनिअर आला. टाय लावलेला, घाईत असलेला.

"यह क्या है?" माझ्या काळ्या पडद्याकडे बघत त्यानं विचारलं.

"लिनक्स."

"इसमें नेट नहीं चलता, मॅडम. फॉर्मॅट करना पड़ेगा." आणि त्यानं बॅगेतून कंपनीची सीडी काढलीसुद्धा.

फॉर्मॅट म्हणजे सगळी डिस्क पुसायची. त्या डिस्कवर माझी दोन वर्षं होती. मी कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला आणि हिंदीतच विचारलं, "लाइन जुळल्यावर तुमचा कॉम्प्युटर माझ्या कॉम्प्युटरला पहिल्यांदा काय विचारतो, तेवढं सांगा."

"वो सब ऑटोमॅटिक है." तो जरा थांबला. "घर में कोई जेंट्स हैं? उनसे बात करता हूँ."

"वर मी एकटीच राहते. माझ्याशीच बोला."

त्यानं एक फॉर्म भरला, त्यावर इंग्रजीत 'ग्राहकाचं मशीन खराब' असं लिहिलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

"मशीन खराब नाही. मी सही करणार नाही."

"सही के बिना कंप्लेंट बंद नहीं होगी."

"मग उघडी राहू दे."

एवढ्यात अक्का कॉफी घेऊन वर आल्या. त्यांना मोडेमचं काही कळत नव्हतं, पण माझा आवाज चढलेला कळला. पेला त्याच्या हातात देत म्हणाल्या, "सरी, ती नको म्हणतीय ना? कॉफी घे आणि जा."

तो गेला. फॉर्म टेबलावरच राहिला. खरं सांगायचं तर रागाच्या खाली शंकाही होती. त्याचंच बरोबर असेल तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्कांना फोन न उचलण्याची विनंती केली. "रविवारी मुलीचा फोन येतो गं," त्या म्हणाल्या. "सरी, अर्धा तास." आणि त्या स्वतःच फोनपाशी खुर्ची टाकून बसल्या. नवऱ्यालाही हात लावू दिला नाही.

वर मी कॉम्प्युटरनं लिहून ठेवलेली नोंद ओळीनं वाचली. तीत होतं: फोन लावला. जोडला गेला. 'login' या शब्दाची वाट पाहिली. पंचेचाळीस सेकंद झाले. फोन ठेवला. म्हणजे लाइन आपोआप तुटत नव्हती, माझाच कॉम्प्युटर कंटाळून ती तोडत होता! पलीकडून तो शब्द का येत नव्हता? मी आपोआप चालणारी सगळी व्यवस्था बंद केली आणि हातानं नंबर लावला. शिट्टी थांबली. पडद्यावर पलीकडचा कॉम्प्युटर पहिल्यांदाच माझ्याशी बोलला: 'Username'.

बस, एवढंच. मासिकातून उतरवलेल्या सूचनांत 'login' होतं, कंपनी 'Username' विचारत होती, आणि दोघं एकमेकांची वाट बघत गप्प बसत होते. कंपनीच्या सीडीवरचा प्रोग्राम ओळख पटवण्याचं काम दुसऱ्याच रीतीनं परस्पर उरकायचा, म्हणून हा प्रश्न तिथे कुणी कधी पाहिलाच नव्हता.

मी एक शब्द बदलला. पुन्हा नंबर लावला. एक मिनिट गेलं, दोन गेली, लाइन टिकली. मी पहिलं प्रकरण पाठवलं आणि जिन्यावरून ओरडले, "अक्का, झालं!" खालून उत्तर आलं, "झालं तर सोड की गं लाइन!"

सोमवारी कॉलेज सुटल्यावर तो फॉर्म घेऊन मी कंपनीच्या ऑफिसात गेले. मॅनेजर सौम्यपणे म्हणाला, "आम्ही लिनक्सला सपोर्ट देत नाही."

"देऊ नका. पण माझं मशीन खराब आहे असं लिहू नका."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मी खुर्चीत बसून राहिले. शेवटी त्यानं ती ओळ खोडली आणि मी सांगितलं ते लिहिलं: दोष सापडला, ग्राहकानं स्वतः दुरुस्त केला. खाली मी सही केली.

आठवड्यानं मार्गदर्शकांचं उत्तर आलं. तिसऱ्या पानावरची सिद्धता चुकली होती. ती मी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा लिहिली.

पुढच्या सत्रात मी प्राचार्यांकडे अर्ज केला, कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स शिकवू द्या म्हणून. मुलींना ते झेपणार नाही, असं कारण देऊन अर्ज परत आला. कोपऱ्यातल्या, कुणी वापरत नसलेल्या एका कॉम्प्युटरवर मी ते चढवलं. या वेळी कुणाला विचारलं नाही. पहिल्या आठवड्यात सहा मुली आल्या.