हात पाठीमागे ठेवणारे फादर

सुरतेच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहीत असे, तेथे हे फादर सदैव हात पाठीमागे बांधून येत. न विचारता नवागामच्या चाळीत मिस्साची उपासना केली म्हणून बिशपसाहेबांनी त्यांना धर्मकार्यास मनाई केली होती. बाया लेकरे पुढे करीत, "फादर, डोक्यावर हात ठेवा ना."

"परवानगी नाही, ताई."

परवानगीसाठी मी बिशपसाहेबांना लिहिलेल्या अर्जातील 'अन्याय' हा शब्द त्यांनी खोडला. "बापाला असं लिहितात का, भाऊ?" माझ्यासारख्या अनुभवी लेखकाचा शब्द तोवर कोणी खोडला नव्हता.

महिन्याभराने ते मंजुरीचे पत्र घेऊन धावतच आले. मी उठेपर्यंत त्यांचे दोन्ही हात माझ्या टोपीवर होते.

"पहिला मान तुमचा."

त्या दिवशी जेवतानाही मी टोपी काढली नाही.