सोनकांबळे वकिलांचा जामीन

सोनकांबळे वकील जामीनदाराचा सातबारा नंतर बघत. आधी त्याच्या गावी जात, ओसरीवर बसून तांब्याभर पाणी पीत आणि घरातल्या बाईला बाहेर बोलावून घेत. तिला विचारल्याशिवाय त्यांनी कुणाचा जामीन कोर्टापुढे ठेवल्याचं मला आठवत नाही.

मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागलो त्याच आठवड्यातली गोष्ट. चाकूरजवळच्या एका खेड्यातला तरणा गडी मारामारीच्या केसमध्ये आत होता आणि त्याचा मावसभाऊ जामीन राहायला तयार होता. माणूस तयार, कागद तयार, दुसऱ्या दिवशीची तारीख. मला वाटलं, काम झालं. साहेबांनी मला एसटीत कोंबलं, वरून फाट्यापासून उन्हात चालवलं आणि त्या घरी नेऊन बसवलं. मावसभावाची बायको पिठाचे हात पदराला पुसत दारात आली.

"बाई, तुमचे मालक जामीन राहून राहिले," साहेब म्हणाले. "ह्यो गडी तारखेला आला न्हाई, तर कोर्ट तुमच्या दारात येईल. बैल जाईल. तुमाला कबूल हाय का?"

"मला कोन इचारतंय?"

"मी इचारून राहिलो की."

बाईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे. शेवटी म्हणाली, "त्यो दारू पितो. पन आईला लई जपतो. येईल तारखेला. करा म्हनावं सही." साहेब खूश होऊन उठले. परतीच्या एसटीत मला म्हणाले, "अप्पा, सही एक हात करतो, पर भोगतंय समदं घर." तो गडी पुढे प्रत्येक तारखेला हजर राहिला, हेही सांगायला हवं.

साहेब मूळचे अहमदपूरकडचे. शाळा निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेली. छप्पन्न साली घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते ऐन विशीत होते. औरंगाबादला राहून शिकले आणि लातूरला येऊन वकिली मांडली. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. उलटतपासणीत ते साक्षीदाराला दरडावत नसत, त्याच्या तब्येतीची चौकशी करत, आणि बोलता बोलता साक्षीदार खरं बोलून मोकळा होई. उदगीरच्या आमच्या दुकानात बसणाऱ्या वडिलांना, मी लिंगायताचा पोरगा त्यांच्या हाताखाली लागलो, हे काही दिवस रुचलं नाही. एकदा ते स्वतः बघायला आले, साहेबांबरोबर दुपारचं जेवले आणि जाताना मला बजावून गेले, "यांना सोडू नको." त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. पाट्यांचा रंग ओला होता आणि कुठलं ऑफिस कुठल्या भाड्याच्या इमारतीत भरतंय हे विचारत फिरावं लागे. जिल्हा झाल्याच्या आनंदात लोक होते तोवर पाऊस रुसला. एक वर्ष गेलं, दुसरंही तसंच निघालं. हापसे कोरडे पडले आणि गल्लीच्या कोपऱ्यावर टँकरची रांग लागू लागली. साहेबांच्या पत्नी, म्हणजे पद्मिनकाकू, साहेबांच्या सदऱ्याची नुसती कॉलर धुऊन देत. "बाकीचा सदरा कोटाखाली कोन बघतंय?" असा त्यांचा हिशेब होता. साहेब तीच भिजकी कॉलर घालून न्यायाधीशांपुढे उभे राहत.

अशा दिवसांत इद्रीस आला. सुदानचा. नांदेडला कायद्याचं शिक्षण नुकतंच पुरं केलेला, दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच. त्याच्या देशात वकिलीची सनद मिळवायची तर वर्षभर कुणा वकिलाच्या हाताखाली काम केल्याचा दाखला लागे. तिकडे वकील मोठ्या घरची पोरं घेत आणि याचे वडील उंट राखणारे. इथं केलेलं काम तिथं चालणार होतं. अडचण एवढीच की शिक्षण संपलं तशी त्याची इथं राहण्याची मुदत संपत आली होती. ती वाढवून मिळायला कुणीतरी हमी घ्यायला हवी होती, की हा माझ्याकडे काम शिकेल, याचं राहणं-खाणं माझ्याकडे, याच्या वागण्याचा जिम्मा माझा आणि वर्ष सरताच याला परत पाठवण्याची जबाबदारीही माझी. नांदेडच्या वकिलांनी चहा पाजला, सही कुणी दिली नाही. लातूरला नवं जिल्हा कोर्ट झालंय, तिथं कुणाला तरी माणूस लागत असेल, असं ऐकून तो एसटीत बसला होता.

"साहब, एक साल," एवढंच तो म्हणाला. "बिना सनद के मेरी पढ़ाई किसी काम की नहीं."

साहेबांनी त्याला खुर्ची दिली आणि उर्दूत बोलायला सुरुवात केली. दोघांची गाडी झकास चालली. वकील, कायदा, हुकूम, तारीख हे आमच्या कोर्टातले शब्द त्या पोराच्या घरच्या अरबीतले निघाले. साहेबांचा चेहरा खुलला होता. मी मनातल्या मनात दुसरं टेबल कुठं मावेल ते बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "अप्पा, जमत न्हाई. पद्मिन न्हाई म्हणली."

मला आधी हसू आलं. मग राग आला. मुदत संपायला पंधरवडासुद्धा उरला नव्हता. मी म्हणालो, "साहेब, यात बायकोची संमती कायद्यानं लागत नाही."

"चाकूरच्या त्या बाईची लागत होती का?"

एवढ्यानं माझं समाधान झालं नाही. संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून मी त्यांच्या घरी गेलो आणि काकूंपुढे इद्रीसची वकिली सुरू केली. काकू ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी माझी केस निकालात काढली.

"सही हे करणार. त्यो जेवणार, आंगूळ करणार, कापडं धुणार. पानी कोन आननार? तुमचा कायदा आननार व्हय? दिस उगवायच्या आधी रांगंत मी उबी राहते. जिल्ह्यातल्या समद्या बायांना इचारत फिरले, तसं मला बी इचारलं. माझं उत्तर न्हाई असं हाय."

साहेब शेजारीच बसले होते. ज्या माणसानं भल्याभल्यांचे निकाल फिरवले, त्यानं स्वतःच्या घरात अपील केलं नाही. मला तेव्हा ते भित्रेपण वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब घागर आणि कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभे होते. मला हे गल्लीतल्या लोकांकडून कळलं, कारण तोवर सगळ्या पेठेत ते कळलं होतं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुणीतरी म्हणालं, "साहेब, तुमी म्होरं या," तर हे म्हणाले, "मी मागनं आलोय, मागंच उभा राहतो." घागर खांद्यावर घ्यायची त्यांना सवय नव्हती. निम्मं पाणी रस्त्यावर, थोडं विजारीवर आणि उरलेलं घरात असा प्रकार झाला. कोर्टात पोचायला उशीर झाला, तेव्हा समोरच्या बाजूच्या वकिलानं ओल्या विजारीकडे बघून विचारलं, "सोनकांबळे, पाऊस पडला वाटतं तुमच्याकडं?" साहेब म्हणाले, "आमच्याकडं पडला. तुमच्याकडं बी पडंल."

ते त्यानंतर रोज जाऊ लागले. मी एकदा म्हणालो, काकूंना असं कोंडीत पकडणं बरं नाही. ते खरोखर चकित झाले. "पकडून कोण राहिलंय? तिनं सांगितलं तवा कळलं की पानी तीच आणते. इतकी वर्षं मला दिसलंच न्हाई की. आता दिसलं तर आणाया नको का?" इद्रीसच्या सहीचा त्याच्याशी काही संबंध त्यांनी लावला नव्हता. इद्रीसला त्यांनी स्पष्ट सांगूनही टाकलं होतं की माझ्याकडून व्हायचं नाही, दुसरीकडं बघ. पोरगा नांदेडला परत जाऊन सामान बांधत होता.

काकू हे सगळं बघत होत्या. भरलेली घागर निम्मी होऊन येते, नवरा धापा टाकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतो. एका सकाळी त्यांनी साहेबांना अंबाडीची भाजी वाढता वाढता सांगितलं, "त्या पोराला बोलवा. मला बघायचाय."

निरोप घेऊन मीच नांदेडला गेलो आणि त्याला एसटीत घालून आणलं. काकूंनी त्याला पाटावर बसवलं, पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि पहिलाच प्रश्न केला, "तुज्या गावाला पानी किती लांब?"

साहेबांनी उर्दूत सांगितलं. इद्रीस उत्तर द्यायला लागला तसा त्याचा आवाज खाली गेला. आई पहाटे गाढव घेऊन निघते, परत येईपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. यंदा तिकडंही पाऊस नाही. लहानपणी गाढव हाकायला तोच जायचा.

"मग आईला सोडून इतक्या लांब कशापाई आलास?"

"हमारे यहाँ कुएँ पर झगड़ा होता है. खून होता है. वकील कोई नहीं," इद्रीस म्हणाला.

हे काकूंना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग साहेबांना म्हणाल्या, "करा सही. पर ह्यानं आपलं पानी आपून आणायचं. आनि तुमी बी सोडायचं न्हाई."

साहेबांनी मुदत संपायच्या आत हमी दिली. आमच्या नव्या जिल्ह्यात परदेशी माणसाचा जामीन घेणारा पहिला वकील म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवू लागले, आणि त्यांना ते मनातून आवडत होतं हे मी शपथेवर सांगतो. रोज सकाळी रांगेत ही जोडी उभी असे, एक बुटका आणि एक ताडमाड. इद्रीस घागर डोक्यावर घेऊन हात न लावता चाले. साहेबांची मात्र शेवटपर्यंत सांडतच राहिली. चार महिन्यांत पोरगा "हाव" आणि "न्हाई" म्हणायला शिकला. साहेब त्याला मागच्या बाकावर बसवून दुसऱ्यांच्या केसेस ऐकायला लावत, मलाही लावत असत तशाच. "बोलाया घाई करू नको. कोर्टाला घाई न्हाई, तुला कशाची?" हे वाक्य त्यांनी त्याला तीन भाषांत शिकवलं होतं.

एकदाच गडबड झाली. इद्रीस न सांगता कंधारचा किल्ला बघायला गेला आणि परतीची एसटी वाटेत बंद पडली. साहेबांनी त्या दिवशीचं काम माझ्यावर सोपवलं आणि स्टँडवरच्या बाकावर जाऊन बसले. कंधारकडून येणाऱ्या प्रत्येक कंडक्टरला विचारत, "एक उंच पोरगा दिसला का?" दुसऱ्या दिवशी दुपारी तो उतरला. मला वाटलं, आता साहेबांचा चढलेला आवाज आयुष्यात प्रथम ऐकायला मिळणार. त्यांनी विचारलं, "जेवलास का?" आणि त्याला घरी घेऊन गेले. तिथं काकूंनी मात्र दोघांनाही सोडलं नाही.

वर्ष सरलं. दाखला मिळाला. जाण्याच्या दिवशी आम्ही सगळे स्टँडवर होतो. इद्रीसनं काकूंचे पाय धरले. काकूंनी त्याच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी कोंबल्या, आणि एसटी वळणापलीकडे गेल्यावर साहेबांना विचारलं, "इकडं तुमी होता. तिकडं त्याला काय झालं तर कोन हाय?"

मी म्हणालो, "साहेब, हमी संपली आता. तुम्ही मोकळे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. तिघेही चालत घरी आलो.

इद्रीसच्या पत्रातून त्याला सनद मिळाल्याचं कळलं. विहिरीच्या एका भांडणात त्यानं समेट घडवला, तेही कळलं, आणि ते ऐकून साहेबांनी सगळ्या बाररूमला चहा पाजला. मग तिकडं लढाई पेटल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि त्याच्याकडून काही येईना. साहेब वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून पुढं वाचत, कारण परदेशच्या बातम्या मागं कुठंतरी बारीक छापलेल्या असत.

त्यांच्या अखेरच्या आजारात मी रोज दवाखान्यात जायचो. बोलायला त्यांना त्रास होई. काकू उशाशी बसलेल्या असत. एका दुपारी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, एखादी राहिलेली केस सांगतील.

"इद्रीसचं काय कळलं का रे?"

"नाही, साहेब."

त्यांनी डोळे मिटले. काकूंचा हात त्यांच्या हातात होता.

"मग मी अजून मोकळा झालो न्हाई, अप्पा."

ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. काकू आहेत. मी भेटायला गेलो की त्या आधी चहा टाकतात, आणि मी बसतो न बसतो तोच तो एकच प्रश्न विचारतात.